पातं का गळतं? कपाशीवरच्या प्रकल्प नोंदी

8 जून
पेरणी झाली. चोपडा तालुक्यात अनेर नदीच्या अलीकडे आमची काळी, भारी जमीन आहे. नाल्याकडच्या तुकड्यातल्या 24 ओळी आप्पांकडून प्रकल्पासाठी मागून घेतल्या. अंतर 4 फूट बाय दीड फूट, ठिबक. आप्पांची अट एकच: "काय करायचं ते कर, कापूस मात्र मला पाहिजे."

कॉलेजातल्या मॅडमनी मंजूर केलेलं नाव लांबलचक आहे: ‘वनस्पती संप्रेरकांच्या परस्परक्रियेचा कपाशीच्या वाढीवरील परिणाम’. वहीच्या पुठ्ठ्यावर मी एवढंच लिहिलं, पातं का गळतं? पातं म्हणजे कपाशीची न उमललेली कळी.

मांडणी अशी. बांधाकडच्या पहिल्या 8 ओळींना काहीच नाही. मधल्या 8 ओळींवर नुसतं पाणी. नाल्याकडच्या 8 ओळींवर एनएए, 20 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 20 भाग. एनएए म्हणजे नॅप्थॅलिन ॲसेटिक ॲसिड, कारखान्यात बनवलेलं ऑक्सिन. ऑक्सिन हे झाडाच्या वाढीचं एक संप्रेरक, हार्मोन. नुसतं पाणी फवारून काय मिळणार, असं आप्पांनी विचारलं. फवाऱ्याच्या ओलाव्यानं किंवा झाड हलल्यामुळे काही होत असेल तर ते औषधाच्या नावावर जमा होऊ नये, म्हणून त्या ओळी. "डिझेल तरी तुझ्या नावावर धरू ना?" म्हणाले आणि निघून गेले.

कपाशी निवडायला घरची जमीन हे एक कारण, पण दुसरंही आहे. ॲबसिसिक ॲसिड हे संप्रेरक 1963 मध्ये कॅलिफोर्नियात वेगळं काढलं गेलं ते कपाशीच्या कोवळ्या बोंडांतून. बोंडं गळवणारा पदार्थ कोणता, याच्याच शोधात ते लोक होते. पुढे कळलं की गळतीतला मोठा वाटा इथिलीन या वायुरूप संप्रेरकाचा आहे, पण नाव तेच राहिलं. ‘ॲबसिशन’ म्हणजे गळणं. 1966 मध्ये कपाशीच्याच मुळांतून स्ट्रायगॉल मिळालं. ज्वारीवर जगणाऱ्या टारफुला या परजीवी तणाचं बी उगवायला लावणारा पदार्थ एवढीच तेव्हा त्याची ओळख होती. त्या कुळातले पदार्थ, म्हणजे स्ट्रायगोलॅक्टोन, झाडाच्या फांद्या फुटणंही आवरतात, हे 2008 मध्ये समजलं. दोन्ही वेळा सुरुवात कपाशीत झाली आणि आमच्या पाठ्यपुस्तकात कपाशीला एक ओळ आहे.

15 जून
उगवण बरी. बी भिजलं की आतलं जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक वाढतं आणि ॲबसिसिक ॲसिडची पकड सुटते. एक म्हणतं ऊठ, दुसरं म्हणतं थांब. ओल अर्धवट असली की दुसऱ्याचं चालतं. बांधाकडच्या तीन ओळींत ठिबकची नळी चोंदली होती, तिथे उगवण दोन दिवस मागे.

27 जून
नांग्या भरल्या, म्हणजे न उगवलेल्या जागी पुन्हा बी टोचलं. बाकी काही नाही.

11 जुलै
एनएए आणायला बाजारात गेले. दुकानदारानं ते दिलंच, वर एक ‘टॉनिक’ पुढे केलं. फुटवा, फुलं, वजन, चमक, सगळं म्हणे एकाच बाटलीत. आत काय आहे विचारलं तर म्हणाले, "ताई, रिझल्ट बघा ना." लेबलवर घटकांची टक्केवारी नव्हती. घेतलं नाही. फुटवा वाढवणारं आणि फुटवा रोखणारं संप्रेरक एकाच बाटलीत असेल तर झाडानं ऐकावं तरी कुणाचं?

18 जुलै
कॉलेजची भेट, जळगावजवळच्या टिश्यू कल्चर प्रयोगशाळेत. इथली बरीचशी केळी काचेच्या बाटलीतून शेतात येते हे माहीत होतं, पण बाटलीच्या आत काय चालतं ते आज पाहिलं. केळीच्या कंदाचा कोंब कापून अगारच्या जेलीसारख्या खाद्यावर ठेवतात. खाद्यात सायटोकायनिन, म्हणजे पेशी विभागायला लावणारं संप्रेरक, जास्त ठेवलं की कोंबाला कोंब फुटत जातात. पुरेसे झाले की बाटली बदलायची. नव्या खाद्यात सायटोकायनिन काढून घ्यायचं, ऑक्सिन ठेवायचं, म्हणजे मुळ्या येतात. तेच रोप आणि तेच पेशीद्रव्य, पण प्रमाण फिरलं की झाड दुसरंच काहीतरी बनवायला घेतं.

हे स्कूग आणि मिलर यांनी 1957 मध्ये तंबाखूच्या खोडातल्या गरावर दाखवलं होतं. ऑक्सिन वरचढ तर मुळं, सायटोकायनिन वरचढ तर कोंब, दोन्ही बरोबरीत तर नुसता गोळा. त्यांनी वापरलेलं सायटोकायनिन म्हणजे कायनेटिन, ते दोन वर्षं आधी हेरिंग माशाच्या शुक्राणूंच्या जुन्या डीएनएमधून मिळालं होतं. हे वाचून आमच्या वर्गातल्या मुली अर्धा तास हसत होत्या.

परत येताना बसमध्ये वही काढली आणि 20 पीपीएम या आकड्याकडे बघत बसले. कशाच्या तुलनेत 20?

24 जुलै
पाती लागली. आज पहिली फवारणी. बाटलीवर 4.5 टक्के, म्हणजे एका मिलीत 45 मिलिग्रॅम. 15 लिटरच्या पंपात 20 पीपीएम हवं तर 300 मिलिग्रॅम लागतं, म्हणून 6.7 मिली. सिरिंजनं मोजलं. घरात आजवर सगळं झाकणानं मोजत आलेत. पंप काकांकडून आणला. आधी मधल्या ओळींवर पाणी मारलं, मग त्याच पंपात एनएए घेऊन नाल्याकडच्या ओळींवर.

27 जुलै
मधल्या ओळींतली झाडं माना टाकून आहेत. पानांचे देठ खाली वळलेत, शेंडा पिळल्यासारखा. पाणी भरपूर, ऊनही फार नाही. नाल्याकडच्या पहिल्या दोन-तीन ओळींतही असंच, पण कमी. बांधाकडच्या ओळी ठणठणीत.

नुसत्या पाण्यानं?

5 ऑगस्ट
नवी पानं आली ती भेंडीच्या पानासारखी. अरुंद, बोटं फुटल्यासारखी, शिरा एकमेकींना चिकटलेल्या. आबांनी एकदाच पाहिलं आणि विचारलं, "हाऊ पंप कोन लई गयथा?"

काकांना फोन केला. त्या पंपानं आदल्या आठवड्यात मक्यात तणनाशक मारलं होतं, टू-फोर-डी. पंप ‘धुतला होता’, म्हणजे एकदा पाणी घालून हलवला होता. मी पहिल्यांदा जे नुसतं पाणी मारलं तीच खरी धुलाई झाली. म्हणून पाण्याच्या ओळींना सगळ्यात जास्त लागलं आणि पुढच्या टाकीतल्या एनएएच्या ओळींना उरलंसुरलं. पाण्याच्या ओळी नसत्या तर मी वहीत छातीठोक लिहिलं असतं, ‘एनएएमुळे पानं विकृत होतात’. आप्पांना हे सांगितलं. डिझेलचा विषय परत निघाला नाही.

वाईट वाटलं, पण यात शिकण्यासारखं इतकं आहे की रात्री बसून लिहिते. टू-फोर-डी हेही ऑक्सिनच्याच जातीचं. झाडाचं स्वतःचं ऑक्सिन काम झालं की मोडीत निघतं, पेशी त्याचा हिशेब ठेवते. टू-फोर-डी सहजी मोडत नाही. आरोळी थांबतच नाही म्हणा. ऑक्सिन असं वाढत गेलं की पेशी इथिलीन बनवणारं विकर वाढवते, इथिलीनच्या मागून ॲबसिसिक ॲसिड वाढतं, पर्णरंध्रं मिटतात, वाढ कोलमडते. म्हणजे झाड मरतं ते नुसत्या ऑक्सिननं नव्हे, त्यानं उठवलेल्या बाकीच्यांच्या गोंधळानं. मका गवताच्या कुळातला, तो बऱ्याच अंशी निभावून नेतो. कपाशी तर याला फारच हळवी.

पातं टिकवायला मी जे मारणार होते आणि काकांनी तण मारायला जे वापरलं, ते एकाच कुळातलं. हे वाक्य मॅडमना दाखवायचं.

6 ऑगस्ट
आप्पांनी मधल्या 8 ओळींतल्या वेड्यावाकड्या झाडांचे शेंडे वीतभर खुडले. मी 20 झाडं मागून घेतली, न खुडता ठेवायला. "प्रयोग मेला ना तुझा?" मेला, पण दुसरा निघाला.

13 ऑगस्ट
कानबाईच्या सणामुळे दोन दिवस शेतात पाय नाही. रोट, भाऊबंद, रात्रभर जागरण. आज गेले तर खुडलेल्या झाडांना खालच्या पेरांतून फुटवे दिसू लागलेत. न खुडलेली 20 तशीच रुसून.

शेंड्यातलं ऑक्सिन खोडातून खाली वाहतं आणि बगलेतल्या डोळ्यांना झोपवून ठेवतं. 1930 च्या दशकात थिमान आणि स्कूग यांनी कापलेल्या शेंड्याच्या जागी ऑक्सिन ठेवून हे दाखवलं. हो, तेच टिश्यू कल्चरवाले स्कूग. गंमत अशी की ऑक्सिन डोळ्यात स्वतः जातच नाही. ते खोडात बसून सायटोकायनिनचं उत्पादन दाबतं आणि स्ट्रायगोलॅक्टोनचं वाढवतं, आणि डोळ्यापर्यंत निरोप पोचवतात ते हे दोघे. शेंडा गेला की उलटं होतं. 2014 मध्ये वाटाण्यावर असंही दिसलं की शेंडा खुडताच सगळ्यात आधी डोळ्याकडे धाव घेते ती साखर. शेंड्याकडे जाणारा माल मोकळा झालेला असतो, तो डोळ्याला मिळतो. ऑक्सिन उतरल्याची बातमी नंतर पोचते. आप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, "कर्ता गेला की आधी कोठीची किल्ली कुणाकडे जाते ते बघतात, तसंच."

20 ऑगस्ट
तीन दिवस झड. नाल्याकडच्या ओळींत घोट्याएवढं पाणी साचलंय. खाली पात्यांचा सडा.

प्रत्येक भागात 10 झाडांखाली गोणपाट अंथरून गळलेली पाती गोळा केली. आधी भोकं पडलेली वेगळी काढली. ती अळीची, माझ्या हिशेबातली नाहीत. उरलेली झाडामागे सरासरी: बांधाकडे 4, मध्ये 6, नाल्याकडे एनएएच्या ओळींत 11. सगळ्यात जास्त गळ एनएएत!

आबा काठी टेकवत आले होते. सडा पाहून म्हणाले, "पाणी साचनं का पातं गळसच. त्येले बाटली काय करी?"

रात्री पुस्तक उघडलं तर आबांचंच वाक्य रसायनाच्या भाषेत. पाण्यात बुडालेल्या मुळाला ऑक्सिजन नाही. इथिलीनचा आदला पदार्थ एसीसी मुळात तयार होतो, पण शेवटच्या पायरीला ऑक्सिजन लागतो, तिथे काम अडतं. साचलेलं एसीसी रसाबरोबर वर चढतं, वर पानात हवा आहे, तिथे त्याचं इथिलीन होतं. पूर आला मुळाला आणि गळ झाली शेंड्याला. त्यात ढगाळ हवा, पानं साखर कमी बनवतात, आणि कपाशी आधीच अर्ध्याहून जास्त पाती-बोंडं टाकून देणारं झाड. पात्याच्या देठाशी पेशींचा एक पातळ पट्टा असतो. पात्याकडून ऑक्सिन येत राहिलं तर तो पट्टा इथिलीनला बहिरा राहतो. पुरवठा आटला की त्याला ऐकू येऊ लागतं, भिंती विरघळवणारी विकरं सुटतात आणि पातं वाऱ्यानं पडतं.

मी ऑक्सिन फवारलं होतं जुलैत. ऑगस्टात पट्ट्यापाशी त्याचं काय उरलं असणार?

22 ऑगस्ट
ऊन पडलं आणि नाल्याकडची 14 झाडं सकाळी उभी होती ती दुपारी मलूल झाली. आकस्मिक मर. यावर नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेची शिफारस आहे: लक्षण दिसल्यावर काही तासांत कोबाल्ट क्लोराईड, 10 पीपीएम. कोबाल्ट नेमका एसीसीपासून इथिलीन होण्याच्या पायरीला अडवतो. सरांनी प्रयोगशाळेतून 150 मिलिग्रॅम तोलून दिलं, एका पंपापुरतं. एसटीनं घरी पोचेपर्यंत साडेचार. सात झाडांवर फवारलं, सात सोडली. आप्पा तोवर कुदळीनं चर काढून पाणी नाल्यात सोडत होते.

24 ऑगस्ट
फवारलेल्यांपैकी पाच उठली. न फवारलेल्यांपैकी तीन. आप्पा म्हणतात चरामुळे, मी म्हणते दोन्हींमुळे. सात-सात झाडांवर भांडण करण्यात अर्थ नाही.

3 सप्टेंबर
काल पोळा. बैलजोडी आता गावात मोजक्या घरी, आमची एक. आज मॅडमना सगळे तक्ते दाखवले. त्यांनी एकच विचारलं: "उतार कुठून कुठे आहे?"

बांधाकडून नाल्याकडे. म्हणजे माझ्या ‘काहीच नाही’च्या ओळी सगळ्या उंचावर आणि एनएएच्या सगळ्या खोलगटात. मी औषधाचा परिणाम मोजत नव्हते, उतार मोजत होते. आबांना शेताचा उतार 70 वर्षं ठाऊक आहे आणि मी मांडणी करताना त्यांना विचारलंच नाही.

मॅडम रागावल्या नाहीत. शेतावरचं जे झालं ते तसंच लिहायचं, आणि एनएएचा प्रश्न कॉलेजात कुंड्यांवर सोडवायचा, असं ठरलं.

9 सप्टेंबर
कोलियस या शोभेच्या झाडाच्या 20 कुंड्या. पानाचा पसरट भाग कापायचा, देठ झाडावर ठेवायचा. ऑक्सिन बनवणारा भाग गेला म्हणजे देठ काही दिवसांत गळणार. कापलेल्या टोकाला लॅनोलिन लावायचं, मेंढीच्या लोकरीतलं मेण, मेडिकलमध्ये मिळालं.
अ: नुसतं लॅनोलिन.
ब: एनएए मिसळलेलं लॅनोलिन.
क: नुसतं लॅनोलिन, पण कुंडी मोठ्या प्लॅस्टिकच्या डब्यात बंद, सोबत दोन पिवळीधमक केळी.
ड: एनएए आणि केळी दोन्ही.
प्रत्येकी 5 कुंड्या. अ आणि ब सुद्धा डब्यांतच, फक्त केळीविना, म्हणजे डब्याचा दोष राहायला नको.

पिकलेलं केळ इथिलीन सोडतं. आमच्याकडे अढीत एक पिकलेलं फळ टाकायची रीत आहे ती यासाठीच. 1901 मध्ये रशियात नेल्युबॉव यांनी दिव्याच्या गॅसमधल्या इथिलीननं वाटाण्याची रोपं जाड, आखूड आणि आडवी होतात हे ओळखलं. पिकणारं फळ स्वतःच इथिलीन बनवतं हे सिद्ध व्हायला 1934 उजाडलं. अढी त्याहून जुनी.

12 सप्टेंबर
क चे देठ तिसऱ्या दिवशीच बोट लावताच गळायला लागले. अ अजून घट्ट. ब, ड घट्ट.

आणि एक घोळ. ब मधल्या दोन कुंड्यांना 9 तारखेला लॅनोलिन पुरलंच नव्हतं, ‘उद्या लावते’ म्हणून ठेवल्या. उद्याच्या दिवशी रस्त्यात एसटी बंद पडली. आज, म्हणजे तीन दिवस उशिरा, त्यांना एनएए लावलं. चिठ्ठी लिहून वेगळ्या ठेवल्या.

15 सप्टेंबर
अ चे देठ आज गळू लागले. ब च्या वेळेवर लावलेल्या तीन कुंड्या मजबूत. ड सुद्धा धरून आहेत, म्हणजे ऑक्सिन वेळेत असेल तर केळ्याचं इथिलीन फारसं काही करू शकलं नाही.

उशीर झालेल्या त्या दोन कुंड्यांचे देठ मात्र कालच गळून पडले. अ च्या आधी! तेच औषध, तेवढंच प्रमाण, आणि परिणाम उलटा.

मॅडम इतक्या खूश झाल्या की त्यांनी कपाट उघडून जुनी टिपणं काढली. 1960 च्या दशकात हे नोंदवलेलं आहे. गळण्याचे दोन टप्पे असतात. पहिल्यात तो पट्टा अजून बहिरा असतो, तेव्हा दिलेलं ऑक्सिन त्याला बहिरा ठेवतं. एकदा तो दुसऱ्या टप्प्यात गेला की ऑक्सिन रोखू शकत नाही. उलट त्यानं झाडात जास्त इथिलीन तयार होतं आणि पट्ट्याला आता ते ऐकू येतं. गळ लवकर होते.

शिवारात एनएए कधी मारतात? खाली सडा दिसल्यावर. दुकानात मी उभी होते तेव्हा दोघं जण तेच मागत होते, "पातं गळतंय, द्या काहीतरी." त्या दिवशी जे देठ दुसऱ्या टप्प्यात गेलेत ते औषधानं परत येणार नाहीत. अजून पहिल्या टप्प्यात असलेली पाती वाचत असतील, आणि शेतात दोन्ही प्रकारची एकत्र लटकलेली. म्हणून एकाला गुण येतो, दुसऱ्याला नाही, आणि दोघंही बाटलीवर भांडतात. दोन कुंड्यांवरून एवढं लिहायचं का? मॅडम म्हणाल्या परत लाव, या वेळी मुद्दाम उशीर कर.

23 सप्टेंबर
मुद्दाम उशिराच्या 6 कुंड्या. पाच अ च्या आधी गळल्या, एक सोबत.

25 सप्टेंबर
आप्पांनी राहिलेल्या शेतात वाढ रोखायला क्लोरमेक्वाट मारलं. हे जिबरेलिन बनूच देत नाही. पेरं आखूड राहतात, झाड उंचीऐवजी बोंडाकडे वळतं. आबांना यावरून जुना गहू आठवला. छातीएवढा वाढायचा, खत जास्त झालं की लोळायचा, मग मेक्सिकोचं बुटकं बियाणं आलं. त्या बुटक्या गव्हात जिबरेलिन असतं, पण ऐकू येत नाही. जिबरेलिनचं काम म्हणजे वाढीला ब्रेक लावणारी डेला प्रथिनं मोडून टाकणं, आणि त्या गव्हातली डेला मोडतच नाहीत. आप्पांच्या कपाशीत बोलणाऱ्याचं तोंड दाबलंय, आबांच्या गव्हात ऐकणाऱ्याचे कान बंद. आबांना हे पटलं, आप्पांना बिल दिसत होतं.

19 ऑक्टोबर
पहिली वेचणी. बोंड फुटतं तेही इथिलीनच्या हुकमानं. जे ऑगस्टात नको होतं तेच आता हवं. मधल्या ओळींची बोंडं उशिरा आहेत, शेंडे खुडल्यानंतरच्या फुटव्यांवरची. न खुडलेल्या 20 झाडांवर मोजून 31 बोंडं, सगळी मिळून.

2 नोव्हेंबर
अहवाल दिला. शेतावरच्या प्रकरणाचं शीर्षक ‘उतार’ असं ठेवलं होतं, मॅडमनी बदलून ‘प्रायोगिक मांडणीतील मर्यादा’ केलं.

पुढच्या जूनचा नकाशा आज काढला. बांधापासून नाल्यापर्यंत शेताचे चार आडवे पट्टे, प्रत्येक पट्ट्यात तिन्ही प्रकार, आणि कुठला प्रकार कुठल्या ओळीला हे चिठ्ठ्यांनी. एनएए दोन वेळा, एकदा पाती धरताना, एकदा मुद्दाम झड लागल्यावर. चिठ्ठ्या आबांनी उचलल्या. एक चिठ्ठी उघडून म्हणाले, या ओळीला नाल्याचं पाणी लागतं, बदल. म्हटलं आबा, बदलता येत नाही. त्यांनी चिठ्ठी माझ्या हातावर ठेवली आणि चहा मागितला.

पंप नवीन घेतलाय. त्यावर रंगानं ‘कपाशी’ लिहिलंय आणि तो घरात, माझ्या खाटेखाली आहे.